पोतनीसबाईंचं अंदमान

पोतनीसबाई जेवायला बसायच्या तेव्हा पाटाखाली दोन लाटनी घालायच्या. एक पुढं, एक मागं, त्यावर पाट, पाटावर मांडी घालून बाई आनि हातात वरनभाताचं ताट. मग मला सांगायच्या, "हिरा, हलव."

मी पाट धरून पुढं ढकलायची, मागं ओढायची. बाई डुलायच्या, वरन सांडायचं.

"जोरात! भर समुद्रात एवढं शांत नसतं!"

मी जोरात हलवायची. चार घास खाऊन झाले की बाई डोळे मिटायच्या, पोटावर हात ठेवून जरा वाट बघायच्या, आनि म्हनायच्या, "आज उलटी नाही झाली. लिहून ठेव."

मला लिवता येत नाय हे त्यांना ठाऊक होतं. तरी दर रविवारी म्हनायच्या. मग सोताच उठून वहीत लिवायच्या.

ह्याला त्या जहाजाचा सराव म्हनायच्या. बिल्डिंगीतल्या बायका म्हनायच्या, पोतनीसबाईंचं डोकं फिरलंय. मी म्हनायची, फिरू दे. लादी मला पुसायला लागायची, माजी तेवढीच तक्रार.

मी सानपाड्याची. म्हंजे जुन्या गावातली, स्टेशन-बिशन मागनं आलं. आमची भातशेती होती आनि नवरा मिठागरावर जायचा. मग नवं शहर बांधायला सरकारनं जमीन घेतली. दुसऱ्या वर्षी नवरा तापानं गेला. पदरात दोन पोरी. वाशीला बिल्डिंगा उभ्या राह्यल्या तशी मी तिथं धुनीभांडी धरली. पोतनीसबाईंचं घर तिसऱ्या मजल्यावर. त्यांच्या गॅलरीतनं खाली बघितलं की जिथं लोक स्कूटरी लावायचे, तिथं आमचा भात व्हायचा. पहिलं पहिलं वाईट वाटायचं. पन मोरीत भांडी पडलेली असायची, किती वेळ वाईट वाटून घेनार?

बाई फोनच्या ऑफिसात होत्या. तेव्हा लांबच्या गावाला फोन करायचा तर ऑफिसातल्या बायका जोडून द्यायच्या, आनि तीन मिनिटं झाली की मधेच सांगायच्या, "तीन मिनिटं झाली, वाढवायचं का?" बाईंची सगळी नोकरी हे म्हनन्यात गेली. ती सवय घरी पन. मी माज्या धाकटीच्या कानाचं दुखनं सांगायला लागले की तीन मिनिटांनी बाई हात वर करायच्या, "तीन मिनिटं झाली. वाढवायचं का?" मी म्हनायची, वाढवा. मग परत ऐकायच्या, पहिल्यासारखंच, मान हलवत. पन न विचारता कुनाला चौथं मिनिट मिळालं नाय. दूधवाल्याला नाय, डॉक्टरला नाय.

लग्न केलं नव्हतं. घरात त्या आनि त्यांची आई, माई. माई सत्तरीच्या, एवढीशी बाई, पन आवाज खालच्या बसस्टॉपवर ऐकू जायचा.

आता अंदमानचं सांगते. बाईंच्या ऑफिसातनं चार वर्षांत एकदा लांब फिरायला जायचा खर्च मिळायचा. एल्टीशी म्हनायचे त्याला. बाकीच्या बायका काशीला जायच्या, काश्मीरला जायच्या. बाईंनी एकदा कुठल्या मासिकात अंदमानचं चित्र बघितलं. निळं पानी, पांढरी वाळू, वाकलेला माड. समुद्राच्या मधे बेटं, त्यावर मानूस दिसत नाय. चित्र कापून त्यांनी देव्हाऱ्याच्या बाजूला चिकटवलं. माई पूजेला बसल्या की त्यांना पहिलं अंदमान दिसायचं, मग गनपती.

"हे काळं पाणी गं!" माई म्हनायच्या. "तिथं खुनी माणसं पाठवायचे. तू कुणाचा खून केलायस, शालू?"

"अजून नाही केला, माई. आज करीन बहुतेक."

"मला बरोबर ने म्हणजे, तिथंच कर."

"चल की. फॉर्मवर तुझं नाव घालता येतं."

"मी नाही येत. मला पाणी बाधतं."

बाईंनी मला सांगून ठेवलं होतं, रिटायर व्हायच्या आत एकदा जानार म्हंजे जानार. रिटायर झाल्यावर कोन पाठवनार? मद्रासपर्यंत आगगाडी, तिथनं तीन-चार दिवस जहाज. त्या दिवसांत माईंजवळ मी राह्यचं, असं ठरलेलं. माज्या पोरी पन तिथंच झोपनार होत्या. पोरींनी तर गॅलरीत कुनी झोपायचं ते भांडून ठरवून टाकलं होतं.

एक दिवस मला विचारतात, "हिरा, तुला समुद्राची माहिती असेल."

म्हटलं, समुद्राची नाय, खाडीची हाय.

"एकच ते. भरती कधी येते?"

आता आमच्याकडं भरती घड्याळावर नसते, तिथीवर असते. तिथी कितवी ती घ्यायची, तिचं पाऊनपट करायचं, तेवढ्या वाजता पानी भरतं. चौथ असली की तीनला, आठम असली की सहाला. पुनव-अमाशेला बाराच्या आसपास. सासूनं मला शिकवलं, तिला तिच्या सासूनं. मीठ पिकवनाऱ्याला आनि मासे धरनाऱ्याला एवढं पुरतं.

बाई तर नाचायच्याच बाकी होत्या. भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आनि आठ दिवस बसून अंदमानच्या भरतीचा तक्ता केला. कधी पान्यात उतरायचं, कधी वाळूवर फिरायचं, लाल पेनानं, निळ्या पेनानं.

मी म्हटलं, "बाई, हा हिशोब आमच्या खाडीचा हाय. तिकडं पानी कधी भरतं मला काय ठाव?"

"चंद्र एकच आहे, हिरा."

"चंद्र एक हाय. पन खाडी..."

"तीन मिनिटं झाली."

ह्या वेळेला वाढवायचं का ते विचारलं नाय.

मग निघालं वाळूवर चालायच्या सरावाचं. वाशीला वाळू कुठली? मी म्हटलं, चिखल हाय, गुडघाभर. म्हनाल्या, चिखलात जमलं तर वाळूत जमेलच. रविवारी ओहोटीला मी त्यांना खाडीवर नेलं. बाई साडी खोचून, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, डोक्यावर माईंची छत्री. दहा पावलं नीट गेल्या. अकराव्याला डावा पाय गेला, त्याला काढायला उजवा टाकला तर तो पन गेला. गुडघ्यापर्यंत रुतून बाई छत्री धरून उभ्या.

आमच्या गावची येसू तिथं निवट्या धरत होती. निवट्या म्हंजे चिखलातले मासे, बिळात हात घालून धरायचे. तिनं मान वर केली.

"हिरे, ही कोन आनलीस? निवट्या धरायला नवी बाई ठेवली काय?"

बाई तिथनं ओरडल्या, "मी अंदमानला चालले आहे!"

येसू म्हनाली, "ह्या वाटेनं?"

येसूनं एक हात धरला, मी एक, बाईंना उपटून काढलं. डावा बूट राह्यला खाली. येसू वर्सभर मला विचारायची, तुजी अंदमानवाली कुठवर पोचली गं? बाईंनी घरी येऊन पाय धुतले नाय तोवर वही काढली आनि लिवलं, मला वाचून दाखवलं: वाळूवर चालणे. बूट नको.

तर पहिल्यांदा निघाल्या तेव्हाची गोष्ट. तिकिटं आली, वळकटी बांधली, रजा मिळाली. आदल्या दिवशी सकाळी माई खाटेवर आडव्या. "शालू, घर फिरतंय गं माझं." डॉक्टर आला, छाती बघितली, डोळे बघितले, म्हनाला, "काही झालेलं नाही, माझ्यापेक्षा बऱ्या आहेत." डॉक्टर गेला तसं घर आनखी जोरात फिरायला लागलं. बाईंनी तिकिटं परत केली. संध्याकाळी माईंनी दोन वाट्या शिरा खाल्ला, वर लोनचं मागितलं.

पुढच्या रविवारी बाईंनी पाटाखाली लाटनी घातली. "हिरा, हलव." मी हलवलं. माई खाटेवरनं म्हनाल्या, "वरण सांडू नकोस, महाग आहे." 

दुसऱ्यांदा चार वर्षांनी. तेव्हा बाईंनी माईंना काय कळू दिलं नाय. वळकटी माज्या घरी ठेवली. निघायच्या दिवशी दुपारी मी ती घेऊन आले, दारात ठेवली, आनि आत पानी प्यायला गेले. तेवढ्यात माई खाटेवरनं उठून, भिंत धरत धरत आल्या आनि वळकटीवर बसल्या.

"जा. माझ्या अंगावरून जा."

"माई, ऊठ."

"नाही उठत."

"गाडी चुकेल."

"चुकू दे. माड काय, वाशीत नाहीत? खालच्या साळव्यांनी दोन लावलेत, ते बघ जाऊन."

"ते अजून गुडघ्याएवढे आहेत!"

"मग वाढेपर्यंत थांब."

दोघी अशा भांडल्या की दोन मजले जमा झाले. बाई अंदमानचं सगळं सांगायला लागल्या, तिथली झाडं कसली, मासे किती रंगांचे, कासवं किती मोठी. माई एकेकाला उत्तर देत होत्या. कासव घरात अपशकुनी, रंगीत मासा खाल्ला तर पोट बिघडतं. सहा वाजले, सात वाजले. बाई दमून जमिनीवर बसल्या तेव्हा माई उठल्या. "भूक लागली," म्हनाल्या.

मला राग आला. बाई आत गेल्यावर मी माईंना म्हटलं, "का असं करता? आयुष्यभर त्यांनी तुमचं केलं, पंधरा दिवस जाऊ द्या की."

माई म्हनाल्या, "हिरे, भात लाव."



माईंचं हे अंदमानापुरतंच नव्हतं. बाई रोज ड्यूटीला निघायच्या तेव्हा पन हेच. माई खाटेवरनं म्हनायच्या, "आज नको जाऊस." का? तर आभाळ आलंय. आभाळ नसलं तर ऊन फार हाय. ऊन नसलं तर मंगळवार हाय. खाडीवरच्या पुलाला हादरे बसतात असं कुनी सांगितलंय. बाई चपला घालता घालता एकेक खोडून काढायच्या, आवाज चढायचा, मग "मी जाते म्हणजे जाते!" म्हनून धाडधाड जिना उतरायच्या. मी भांडी घासत रोज ऐकायची. मला वाटायचं, ह्या बाईच्या जिवाला रोजचा केवढा ताप.

माई गेल्या एका दुपारी. जेवून झोपल्या, उठल्या नाय. सगळ्यांना अडवनारी बाई, पन जाताना कुनाला अडवायला वेळ दिला नाय.

बाई रडल्या नाय. तेराव्यानंतर ड्यूटीला जायला लागल्या. पन एक झालं. बाईंना उशीर व्हायला लागला. सगळं आवरून, चपला घालून, पर्स काखेत मारून बाई दारात उभ्या. मी आतनं बघायची. पाच मिनिटं, दहा मिनिटं. "काय विसरलं काय?" विचारलं तर "नाही, काही नाही." परत आत जाऊन नळ बघून यायच्या. मग आवाज न करता जिना उतरायच्या. ऑफिसात उशिराचा शेरा बसला, सत्तावीस वर्सांत पहिला, असं त्यांनीच सांगितलं.

रिटायर व्हायला वर्स राह्यलं तेव्हा परत तिकिटं काढली. सगळी बिल्डिंग म्हनाली, आता बाई मोकळ्या, आता कोन अडवतंय? मी पन तेच म्हटलं. रविवारी मी विचारलं, "बाई, हलवू काय?" म्हनाल्या, "नको. पोटात आता काही हलत नाही."

निघायचा दिवस आला. रात्रीची मद्रासची गाडी, त्यासाठी वाशीतनं पाचची बस धरायची. घराची किल्ली माज्याकडं राहनार होती. बाई चारलाच तयार. वळकटी दारात, पिशवी दारात. आनि बाई पन दारात.

पाचची बस आली तशी गॅलरीतनं दिसली. मी म्हटलं, बाई, बस आली.

"हो. गॅस बघितलास?"

बघितला. तरी आत गेल्या, बघून आल्या. बस गेली. साडेपाचची आली. तेव्हा खिडक्या बघायच्या राह्यल्या होत्या. मग मोरीचा नळ. मग परत गॅस. मी जिन्याच्या पायरीवर बसले. साडेपाचची पन गेली. आता सहाची शेवटची, ती चुकली की गाडी चुकली, गाडी चुकली की जहाज, आनि पुढच्या वर्साला बाई घरी बसनार.

बाई उंबऱ्याच्या आत उभ्या, हातात कुलूप. बाहेर पाय टाकायच्या जागेकडं बघत होत्या.

माजा नवरा गेल्यावर मी पहिल्यांदा कामाला निघाले तो दिवस मला आठवला. पोरी झोपलेल्या. सासू आधीच गेलेली. कुठं चाललीस, कशाला चाललीस, कधी येशील, विचारनारं कोन नाय. मी बांधापर्यंत गेले आनि माघारी आले. परत गेले, परत आले. पायाला काय झालंय मला कळेना. मी खूप दिवस समजत होते, भूक होती ती.

मी पायरीवरनं उठले. दारात जाऊन उभी राह्यले, वाट अडवून.

"बाई, नका जाऊ."

"काय?"

"नका जाऊ म्हनते. काय करायचंय एवढ्या लांब? पानीच तर हाय. पानी हिकडं पन हाय."

बाई माज्याकडं बघत राह्यल्या. मला वाटलं, जास्त बोलले. कामवाल्या बाईनं एवढं बोलायचं नसतं. पन सुरू केलं ते केलं.

"चार दिवस जहाजावर कोन बघनार तुमाला? वय काय तुमचं? मधेच काय झालं तर?"

"काय होणार आहे मला?" बाईंचा आवाज जरा चढला.

"काय पन होईल. उलटी होईल."

"उलटी? मी नऊ वर्षं सराव केलाय! तुझ्यासमोर केलाय!"

"पाटावर उलटी झाली नाय म्हंजे जहाजावर होनार नाय काय? आनि तिथं जेवन काय मिळतं कोनाला ठाव. सगळं खोबऱ्याचं."

"मला खोबरं आवडतं!"

"आज अमाशा हाय."

"अमावास्या काल होती! आणि अमावास्येला काय समुद्र आटतो? हिरा, तुला काही माहीत नाही. तिथलं पाणी इतकं स्वच्छ असतं की तळ दिसतो. पायाशी मासे येतात, निळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे..."

"बघून काय करायचं? खाता तर येत नाय."

"सगळं खायचं असतं का गं?"

"मग कशाला बघायचं? काय नको. बसा घरात. मी चहा ठेवते."

"नको मला चहा!" बाईंनी कुलूप माज्या हातात कोंबलं आनि पिशवी-वळकटी उचलली. चेहरा लाल झालेला, मानेवर शीर ताठ. एवढ्या दिवसांत मी त्यांना असं बघितलं नव्हतं. "तू कोण गं मला अडवणारी?"

"मी कोन नाय. पन नका जाऊ."

"मी जाते म्हणजे जाते! बाजूला हो!"

मी झाले बाजूला. बाई धाडधाड जिना उतरल्या, वळकटी भिंतीला आपटत. खालनं त्यांचा आवाज येतच होता, कासवं, जहाजाचा भोंगा, बावीस तारखेला परत, दूधवाल्याला सांग. साळवीबाई दार उघडून बघायला लागल्या काय झालं म्हनून.

मी गॅलरीत गेले. सहाची बस उभी होती. बाई चढल्या, खिडकीत बसल्या, मान बाहेर काढून वर बघितलं आनि हात हलवून हलवून मला कायतरी बजावायला लागल्या. ऐकू काय आलं नाय. बस निघाली, पुलाच्या रस्त्याला वळली, तरी हात बाहेरच होता.

आनि मी वरनं मान हलवत होते. नाय, नाय, नाय.